हप्त्यातले सहाशे छप्पन्न रुपये

कर्जाची चौकशी करायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब करून एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: आठ लाख, सात वर्षं, साडेदहा टक्के, हप्ता १३,४८९. डिसेंबर २०२४ मध्ये पहिला हप्ता कापल्याचा मेसेज आला, त्यात आकडा होता १४,१४५. महिन्याला ६५६ रुपये जास्त. मला वाटलं व्याजदर वाढला असेल. ह्यांचं म्हणणं, प्रोसेसिंग फी हप्त्यात घातली असेल. शेजारच्या काकांनी सांगितलं, अगं, बँकेचं असंच असतं, थोडं इकडेतिकडे होतं.

आमच्याकडे सहाशे रुपये इकडेतिकडे होत नाहीत. आम्ही मेटगुताडला राहतो, महाबळेश्वरच्या अलीकडे. ह्यांची टॅक्सी आहे, पर्यटकांना पॉइंट दाखवतात; घरामागे थोडी स्ट्रॉबेरी आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधून पाहुणे उतरवायचे, म्हणून हे कर्ज काढलं. महाबळेश्वरचा धंदा म्हणजे दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे. जूनपासून चार महिने पाऊस घराबाहेर पडू देत नाही, टॅक्सी दारात प्लॅस्टिक पांघरून उभी असते, आणि हप्ता मात्र त्या चार महिन्यांतही दर पाच तारखेला जातोच. हे सगळं मांडून मगच १३,४८९ ला आम्ही होकार दिला होता.

कर्जखात्याचा उतारा मागितला तेव्हा उलगडा झाला. मंजूर रक्कम आठ लाख नव्हतीच, ८,३८,९४० होती. आणि ज्या दिवशी कर्ज खात्यात जमा झालं, त्याच दिवशी ३८,९४० रुपये एका विमा कंपनीकडे गेले होते. तेहतीस हजार प्रीमियम आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. मी आणि हे, दोघंही त्या ओळीकडे बघत राहिलो. विमा? आमचा विमा आहे की! पोस्टाच्या शेजारच्या बँकेतल्या खात्यातून दरवर्षी मे महिन्यात ४३६ रुपये जातात ते प्रधानमंत्री जीवनज्योतीचे, आणि २० रुपये अपघाताचे. मग हा कुठला?

शाखेतल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, "ताई, लोन प्रोटेक्शन आहे ते. साहेबांना काही झालं तर कर्ज माफ. सगळ्यांचंच करतो आम्ही." मी विचारलं, आम्ही सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची सही आहे, ओटीपी पण दिलाय."

ओटीपी दिला होता, हे खरं. सह्यांच्या दिवशी फोनवर दोन-तीन ओटीपी आले, समोरच्या मुलाने मागितले, ह्यांनी वाचून दाखवले. त्यातला कुठला कर्जाचा आणि कुठला विम्याचा, हे कुणी सांगितलं नाही. सह्यांचे कागद तर गठ्ठ्याने होते, सगळे इंग्रजीत, आणि पेन्सिलच्या फुल्या मारलेल्या जागी सह्या करत जायचं होतं.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी नुसती गोंधळलेली होते. कुणाशी भांडायचं हेच कळेना. बँक म्हणे, आम्ही फक्त मास्टर पॉलिसीधारक, विमा कंपनीचा आहे, तिकडे विचारा. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणे, तुमच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी नाही, तुम्ही गटातले सभासद आहात, बँकेमार्फत या. अशा कर्जाच्या विम्यात पॉलिसी एकच असते, ती बँकेच्या नावावर. कर्जदार त्यात एकेक करून जोडले जातात आणि प्रत्येकाला मिळतं ते विम्याचं प्रमाणपत्र. हे मला कळायला बराच काळ गेला. आम्हाला ते प्रमाणपत्रही मिळालेलं नव्हतं.

साताऱ्यात बी.कॉम. करणारी माझी भाची नाताळच्या सुट्टीत आली. तिने उतारा बघितला आणि पहिला हिशेब असा केला: "मामी, हे अडतीस हजार नऊशे चाळीस नाहीत. हे तुम्ही कर्ज म्हणून घेतलेत. महिन्याचे ६५६ गुणिले ८४ हप्ते. पंचावन्न हजारांवर जातात." न मागितलेल्या वस्तूची किंमत आमच्याच कर्जात घालायची आणि तिच्यावर सात वर्षं व्याजही आमच्याकडूनच घ्यायचं, ही गोष्ट मला त्या आकड्याने खरी कळली.

मग तिने एक अर्ज लिहिला, मराठीत. त्यात फक्त कागद मागितले: विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत, ह्यांनी सही केलेल्या प्रस्ताव-अर्जाची प्रत, आणि कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटची प्रत. तक्रार एका शब्दाने नाही. "आधी कागद हातात येऊ देत," ती म्हणाली. आज मला वाटतं की सगळ्या प्रकरणात याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी झाली नाही. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली. मॅडम म्हणाल्या, पोच कशाला, मी सांगितलंय ना. मी तरी घेतली.

कागद मिळायला वेळ लागला, पण मिळाले.

प्रमाणपत्रात पहिली गोष्ट दिसली ती मुदत. कर्ज सात वर्षांचं, विमा पाच वर्षांचा. शेवटची दोन वर्षं ह्यांना काही झालं असतं तर कर्ज माझ्या डोक्यावर राहिलं असतं. विम्याची रक्कमही वर्षागणिक उतरत जाणारी होती, आणि पैसे मिळाले तर ते आधी बँकेच्या थकबाकीला, उरले तर वारसाला. यात बेकायदा काही नाही, कर्जविमा असाच असतो. पण "काही झालं तर कर्ज माफ" या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. प्रमाणपत्र ज्या ईमेलवर पाठवल्याची नोंद होती, तो ईमेल आमचा नव्हता. आमच्या घरात ईमेल आहे तो एकट्या मुलाचा. हा पत्ता कुणाचा, कुणी घातला, ते आजतागायत समजलेलं नाही.

प्रस्ताव-अर्ज मात्र मी कधी विसरणार नाही. दोन पानं, इंग्रजी, बारीक अक्षर, छापील प्रश्नांपुढे चौकोन. दुसऱ्या पानावर प्रकृतीचे प्रश्न. हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, सध्या कुठलं औषध चालू आहे का. सगळ्या चौकोनांत "नाही" वर बरोबरची खूण. एकाच हाताच्या, एकाच उतारावरच्या खुणा, निळ्या शाईच्या. खाली ह्यांची सही, काळ्या शाईची, मराठीत.

ह्यांना मधुमेह आहे. २०१९ पासून. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे, वाईच्या डॉक्टरांची फाईल घरात आहे. ह्यांना कुणी विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं. लपवायचं काय कारण? भाचीने वाचून दाखवलं तेव्हा हे चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "म्हणजे मी गेलो असतो तर तुला म्हणाले असते, तुझा नवरा खोटं बोलला."

हे असंच झालं असतं, हे मला नंतर नीट कळलं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जीवनविम्याला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला पॉलिसीवर कुठल्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. पण पहिल्या तीन वर्षांत आजार लपवल्याचं कारण काढून दावा नाकारता येतो. म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या विम्यातली पहिली तीन वर्षं हे संरक्षण असं होतं की गरज पडली असती तेव्हाच हातातून सुटलं असतं. पैसे गेले याचं दुःख होतंच. पण माझ्या नवऱ्याच्या सहीखाली कुणीतरी खोटी माहिती भरून ठेवली, आणि ती माहिती उद्या माझ्याच विरुद्ध उभी राहिली असती, याचा राग मला अजून आहे.

त्याच पानाच्या तळाशी एक चौकट होती. भाची तिथे थांबली. प्रस्ताव दुसऱ्या कुणी भरला असेल, किंवा सही इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल, तर ज्याने अर्ज समजावून सांगितला त्याने तिथे नाव, सही, तारीख घालायची: "मी हा मजकूर प्रस्तावकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे." ती चौकट कोरी होती.

आता तक्रार लिहायला बसलो. तोवर मला नियमांचं थोडं काही कळायला लागलं होतं. कर्ज हवं असेल तर विमा घ्यावाच लागेल, असं बँकेला म्हणता येत नाही. विमा ऐच्छिक असतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरात ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, तिच्यातला एक हक्क असा की ग्राहकाला त्याच्या गरजेला योग्य असेल तेच विकावं. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं आहे. त्यात व्याजच नव्हे तर सगळे खर्च मिळून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात ते द्यावं लागतं. बँकेने तिसऱ्यासाठी घेतलेले पैसे, म्हणजे विम्याचे पैसेसुद्धा, त्या टक्केवारीत धरावे लागतात आणि वेगळे दाखवावे लागतात. त्यांची पावती कर्जदाराला द्यावी लागते. शिवाय हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. आमचं पत्रक इंग्रजीत होतं, आणि विम्याच्या रकान्यात शून्य होतं.

दुसरा नियम त्याहून कामाचा निघाला. जीवनविम्याची पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून, नको असेल तर परत करायला मुदत मिळते. फ्री लूक म्हणतात. पूर्वी ती बहुतेकांना पंधरा दिवस असायची. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी ती तीस दिवस केली. त्या मुदतीत परत केली तर मधल्या दिवसांची जोखीम, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी पैसे परत. आणि हे तीस दिवस मोजायचे ते कागद मिळाल्यापासून, कर्ज मिळाल्यापासून नव्हे.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर एडीने पत्र पाठवलं, बँकेला त्याची प्रत. उत्तर आलं, फ्री लूकची मुदत संपली आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. पॉलिसी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली आहे. कुठल्या पत्त्यावर पाठवली, त्याचा उल्लेख नाही. मधुमेहाबद्दल एक शब्द नाही. मला तो कागद वाचून इतकं हरल्यासारखं वाटलं की मी ह्यांना म्हटलं, जाऊ दे, भरू सात वर्षं. ह्यांनीच नको म्हटलं.

त्या दिवसांत लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या चुलत जाऊबाईंचा फोन आला. मी रडकुंडीला येऊन सांगत होते, आणि त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्याकडचं पीपीआय!" तिथे बँकांनी वर्षानुवर्षं कर्जांना आणि क्रेडिट कार्डांना असाच हप्तासंरक्षण विमा चिकटवला. ज्यांना नोकरीच नव्हती त्यांना नोकरी गेल्याचा विमा, ज्यांना आधीपासून आजार होता त्यांना आजारपणाचा. २०११ च्या एप्रिलमध्ये बँकांच्या संघटनेने नियामकाच्या नियमांविरुद्ध उच्च न्यायालयात लढवलेला खटला हरला, आणि परताव्याचा पूर आला. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका महिलेच्या खटल्यात आणखी एक गोष्ट ठरवली. तिच्या विम्याच्या हप्त्यातले सुमारे ७२ टक्के दलालीत गेले होते आणि हे तिला सांगितलं नव्हतं; एवढी मोठी दलाली लपवणं हाच अन्याय, असं न्यायालय म्हणालं. शेवटी दावे करायला २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख ठेवली. तोवर आणि त्यानंतर मिळून बँकांनी ३८ अब्ज पौंडांवर परत केले. जाऊबाईंना त्यांच्या जुन्या कार्डाचे पैसे मिळाले होते. "एकच कर," त्या म्हणाल्या, "पत्र पाठवत राहा. इथे लोकांनी पत्रं पाठवूनच घेतले."

आपल्याकडे तसा एकच निकाल सगळ्यांना लागू झालेला नाही. प्रत्येकाने आपापलं भांडायचं, अशी स्थिती आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांसमोर सांगितलं की चुकीचा विमा गळ्यात मारल्याने कर्ज महाग पडतं. तेव्हा आमच्या कर्जाच्या सह्या नुकत्याच झालेल्या होत्या.

पुढची पायरी विमा नियामकाची, तिचं नाव बीमा भरोसा. तिथे ऑनलाइन तक्रार टाकता येते किंवा १५५२५५ वर फोन करून सांगता येते. मी फोनच केला, मराठीत बोलता आलं. तक्रारीला टोकन क्रमांक मिळतो आणि कंपनीला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं लागतं. कंपनीने उत्तर दिलं, पूर्वीचंच. पण त्याने एक झालं. नकाराचा कागद, तारखेसह, दोनदा माझ्या हातात आला, आणि लोकपालांकडे जायला तोच लागतो.

लोकपाल म्हटलं की मला २०११ मधलं अण्णांचं उपोषण आठवायचं. विमा लोकपाल हे निराळं कार्यालय असतं आणि ते आपल्यासारख्यांसाठी असतं, हे मला भाचीने सांगितलं. साताऱ्याच्या लोकांनी जायचं ते पुण्याच्या कार्यालयात, नारायण पेठेत केळकर रस्त्यावर. फी नाही. वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, गटविम्याच्याही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, तिने नाकारलेली हवी किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं, आणि नकारापासून वर्षाच्या आत यायला हवं. कोर्टात किंवा ग्राहक आयोगात तोच वाद चालू असला तर घेत नाहीत. साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही, पण मला तारखांना साताऱ्याला जाणं जमण्यासारखं नव्हतं. केळघर घाट उतरून जायचं आणि एसटीने परत यायचं, त्यात दिवस जातो, आणि हंगामात एक दिवस म्हणजे दोन खोल्यांचं भाडं.

एप्रिलमध्ये, पाहुण्यांची गर्दी असताना, मी रात्री स्वयंपाकघरात बसून तो अर्ज भरला. भाचीने सांगितलं होतं तसं मी तक्रारीत चारच गोष्टी लिहिल्या. प्रमाणपत्र आम्हाला मिळालं ते शाखेकडे मागितल्यावर, अमुक तारखेला. ज्या ईमेलवर पाठवलं तो आमचा नाही. प्रकृतीची माहिती आम्ही दिलेली नाही, ही घ्या डॉक्टरांची २०१९ ची फाईल. आणि समजावून सांगितल्याची चौकट कोरी आहे. भावना, चिडचिड, मॅडम काय म्हणाल्या, साहेब काय म्हणाले, हे सगळं मी आधी दोन पानं लिहिलं होतं. ते काढलं. काढताना वाईट वाटलं, कारण मला खरं तेच सांगायचं होतं.

सुनावणीची तारीख आली ती जुलैत. महाबळेश्वरचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. घराला पश्चिमेकडून प्लॅस्टिकचा कागद बांधलेला, कपाटातले कागद मऊ पडलेले, वीज सकाळपासून गेलेली. सुनावणी व्हिडिओवर होती. आदल्या दिवशी मुलाने दोन फोन आणि पॉवर बँक भरून ठेवली, आणि रेंज मिळते म्हणून आम्ही बाजारपेठेत ह्यांच्या मित्राच्या चणेफुटाण्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसलो. बाहेर पत्र्यावर पाऊस एवढा की मी बोलले ते मलाच ऐकू येत नव्हतं.

कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलं, ग्राहकाने ओटीपीने संमती दिली आहे. मग त्यांना विचारलं गेलं की प्रमाणपत्र ग्राहकाला पोचल्याचा पुरावा काय? त्यांनी ईमेलची नोंद दाखवली. मला विचारलं, हा ईमेल तुमचा का? मी नाही म्हटलं. ह्यांना विचारलं, मधुमेहाचा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला होता का? हे म्हणाले, "साहेब, विचारला असता तर सांगितला असता. गोळ्या खिशातच असतात." आणि खरंच खिशातून पाकीट काढून फोनसमोर धरलं.

काही मिनिटांत झालं सगळं. मी इतके महिने जे मनात घोकत होते, त्यातलं बरंच काही मला सांगावंच लागलं नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने वेळ मागून घेतला आणि नंतर तडजोडीचं कळवलं: पॉलिसी सुरुवातीपासून रद्द, काही न कापता पूर्ण ३८,९४० परत. मला लेखी संमती द्यायची होती, दिली. पैसे कर्जखात्यात जमा झाले तेव्हा पावसाळा उतरणीला लागला होता.

प्रकरण तिथे संपलेलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते. विम्याचे पैसे परत आले, पण त्या पैशांवर तोवर बँकेने घेतलेलं तीन हजारांच्या वरचं व्याज परत आलेलं नाही. बँकेचं म्हणणं, पैसे कंपनीकडे गेले होते, आमच्याकडे नव्हते. मी म्हणते, कर्जात ते तुम्ही घातलेत. विमा लोकपालांपुढे वाद कंपनीशी होता. बँकेसाठी दरवाजा वेगळा, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आधी बँकेला लेखी, तीस दिवस वाट, मग तिकडे. १४४४८ वर माहिती मिळते. बँकेला लिहिलेल्या पत्रात मी आणखी एक प्रश्न घातला आहे: आमच्या तेहतीस हजारांतून बँकेला दलाली किती मिळाली? जाऊबाईंनी सांगितलेल्या त्या खटल्यानंतर हा प्रश्न मला सोडत नाही. शाखेत ज्या मुलाने ओटीपी घेतले, तो आमच्याच बाजूच्या गावचा आहे. त्याच्यावर महिन्याचं टार्गेट असतं, हे त्यानेच एकदा बोलता बोलता सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही. टार्गेट कुणी ठरवलं, त्यांनी उत्तर द्यावं असं मला वाटतं.

विम्याविरुद्ध मी नाही. घाटात टॅक्सी चालवणाऱ्या माणसाच्या घरात विमा हवाच. ऑक्टोबरात ह्यांच्यासाठी साधा मुदतीचा विमा घेतला. मधुमेह आहे असं स्वतः लिहिलं, वाईला जाऊन रक्ताची तपासणी करून दिली. कंपनीने थोडा जास्त हप्ता लावला. तो रास्त आहे. नॉमिनी मी आहे, कागद मराठीतही मागून घेतले, आणि घरी आल्यावर हे आणि मी दोघांनी मिळून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

परवा भिलारच्या बाजूची एक बाई आली, माझी शाळेतली मैत्रीण. स्ट्रॉबेरीची रोपं आणि ठिबकसाठी कर्ज घेतलंय, लागवड नुकतीच उरकलीय. तिच्याही खात्यातून विम्याचे अकरा हजार गेलेत, आणि प्रमाणपत्र पोस्टाने आलंय, आठवड्यापूर्वी. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघून मी तिला आधी तेच पाकीट जपून ठेवायला सांगितलं. तिचे तीस दिवस अजून चालू आहेत. तिला विमा हवा की नको, ते तिने ठरवायचं होतं. मुदत, रक्कम, प्रकृतीचे रकाने, सगळं आम्ही एकेक करून वाचलं. गेल्या वर्षी तिला दम्यासाठी दवाखान्यात ठेवलं होतं, आणि त्या रकान्यातही "नाही" होतं. तिने पॉलिसी परत करायचं ठरवलं. अर्ज तिथेच लिहिला, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या वेळेला मी तिच्याबरोबर शिक्का घ्यायला गेले.